सेतुमाधवांचा डावा गुडघा

ती पोरगी आपल्या मागावर आहे, याबद्दल सेतुमाधवांना आता तिळमात्र शंका उरली नव्हती. वेस्ट मांबलमच्या भाजीबाजारात ते थांबले की ती थांबे, वळले की वळे, आणि हळूच मोबाइल काढून त्यांच्या पायांचं शूटिंग करी. पायांचं! चोराला माणसाचे पाय कशाला हवेत?

घरी येताच त्यांनी बायकोला सांगितलं, "आवडीवाल्यांनी माणूस लावलाय."

त्याचं असं, की त्यांच्या मुलीला, श्रीरंजनीला, आवडी या उपनगरातून प्राणेशचं स्थळ आलं होतं. मुलगा सरकारी कारखान्यात, पोरीलाही पसंत. चेन्नईत तंजावरी मराठी घरं ती किती, असं स्थळ पुन्हा कुठलं यायला! आणि आपल्या लोकांत चौकशी कधी सरळ होत नाही, हे सेतुमाधवांना पक्कं ठाऊक. त्यांनी स्वतःच प्राणेशच्या शेजाऱ्यांना गुपचूप फोन केले होते. घरात कुणाला दुखणंखुपणं आहे का, या आवडीवाल्यांच्या प्रश्नाला ते छातीठोकपणे "छे" म्हणाले होते. डावा गुडघा मात्र ऐकायला तयार नव्हता.

"मग घरी बसा की हो," कृष्णवेणी म्हणाल्या.

"म्हणजे अंथरुणाला खिळलाय म्हणतील."

दुसऱ्या दिवसापासून सेतुमाधव दातओठ खात, गुडघा न वाकवता, ताठ चालू लागले. ऑटोवाल्याला झिडकारलं, स्टेशनचा पूल उगाचच चढले-उतरले. एकदा मागे वळून पाहतात तो पोरगी हुबेहूब तशीच चालतेय. वेडावते की काय मेली! गुडघा टम्म सुजला तेव्हा मात्र ते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"आवडीला काय सांगायचं ते सांगून टाक, अम्मा," ते तमिळमध्ये म्हणाले.

"आवडीला कशाला, सार?" ती गोंधळली. "मी लावण्या. माणसं रस्त्यावर कशी चालतात ते बघून आम्ही तिथेच नाच बसवतो. आधी विचारलं की लोक वेगळेच चालायला लागतात, म्हणून विचारलं नाही. तुमची चाल तर कुणाचीच नाही, सार. संध्याकाळी पुलावर या, बघायला."

सेतुमाधवांच्या जिवात जीव आला. संध्याकाळी ते पूल चढून गेले. वर पाच-सहा जण डावा पाय ताठ ठेवून, दातओठ खात चालत होते आणि लोक टाळ्या वाजवत होते. सगळ्यांत पुढचा तर कमालच करत होता. सेतुमाधवांनी चष्मा पुसून पाहिलं. प्राणेश!

त्यानेही त्यांना पाहिलं आणि त्याचा पाय हवेतच राहिला. प्रयोग संपताच तो घामाघूम होऊन त्यांच्याजवळ आला.

"मामा, शेजाऱ्यांना फोन केलात ते कळलं होतं मला," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पण इथपर्यंत माग काढाल असं वाटलं नव्हतं. घरी कुणाला ठाऊक नाही हे. रस्त्यात नाचणारा जावई नको असेल, तर आत्ताच सांगा."

सेतुमाधवांनी जरा विचार केला. मग दोन दिवस ताठ धरलेलं अंग सैल सोडलं आणि सगळा भार त्याच्या खांद्यावर टाकला.

"तुझा नाच माझ्याकडे राहील, माझा गुडघा तुझ्याकडे. आता खाली ने मला, आणि हळू. खऱ्या दुखऱ्या गुडघ्याला तसं चालता येत नाही."