नीलगिरीच्या बुडातला घट

माझ्या नीलगिरींनी आजवर कुणाचं वाकडं केलेलं नाही, आणि हे मी नऊ दिवसांत, प्रत्यक्ष देवीला साक्षीला बसवून सिद्ध करून दाखवणार होतो! वकील नको, कोर्ट नको. मूठभर गहू आणि परडीभर माती, बस्स!

पण आधी झाडांबद्दल सांगतो. जुन्नरपासून दोन कोसांवर माझा मळा आहे. त्याच्या बांधावर मी एकवीस नीलगिरी लावल्या, कारण रोपं फुकट मिळत होती आणि फुकट मिळालेलं विषही आमच्याकडं कुणी परत करत नाही. झाडं काय वाढली म्हणता! शेंड्यावर बसलेला कावळा खाली उतरेपर्यंत म्हातारा व्हायचा. शिवनेरीवर फिरायला आलेली माणसं माझ्या शेंड्यांना हात हलवून राम राम करायची. यातलं निम्मं तरी खरं आहे.

बांधाच्या पलीकडं दादाभाऊचं रान. दादाभाऊ माझ्याच वयाचा, म्हणजे पासष्टीच्या पुढचा, आणि आवाज असा की मळणी यंत्रानं लाजून बंद पडावं. वारा पश्चिमेचा, त्यामुळं झाडं माझी आणि पाला त्याचा. त्या पाल्याखाली त्याचा हरभरा उगवायचा नाही. पुढं पीक दाट आणि बांधालगत सात-आठ हात रान माझ्या टकलासारखं! म्हणून रोज सकाळी सहाच्या ठोक्याला दादाभाऊ बांधावर हजर.

"हौशा! ए हौशा! तुझी झाडं माझा हरभरा खात्यात!"

"दादा, झाडाला दात असत्यात का रं?" मी राखुंडी चोळत विचारायचो.

"तुझ्या तोंडात किती ऱ्हायलेत ते मोज आदी!"

असं पाऊण तास चालायचं. सहा वर्षं, एक दिवस खाडा नाही. तो दमून गेला की मी आत येऊन चहा टाकायचो. अर्धा कप पाणी, अर्धा कप दूध. माझी बायको साळू जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यानंतर संध्याकाळपर्यंत घरात बोलणारा म्हणजे रेडिओ, आणि तोही बॅटरीत जीव असला तर.

एकदा दादाभाऊनं शेतकी खात्याचा साहेब आणला. पँटला इस्त्री, पायात बूट, सज्जन माणूस. त्यानं पान चुरगळलं, हुंगलं आणि म्हणाला, "काका, या पानांत रसायनं असतात. पाला कुजतो, त्यावर पाऊस पडतो, दव पडतं, आणि ती मातीत उतरतात. मग शेजारच्या पिकाचं बी उगवत नाही. झाड आपल्या जागेत दुसऱ्याला येऊ देत नाही, म्हणा ना."

"साहेब," मी म्हणालो, "नीलगिरीचं तेल आम्ही सर्दीला छातीवर चोळतो. चोंदलेलं नाक दोन मिनिटांत उघडतं! मग त्याच झाडानं बी कसं चोंदेल?"

साहेबानं मोटारसायकलला किक मारली. मी जिंकलो, असं मी धरून चाललो.

दादाभाऊ नाही चालला. नवरात्र दोन दिवसांवर आलं होतं. आमच्याकडं घट बसवताना शेतातली माती परडीत पसरायची, त्यात धान्य पेरायचं, मधे पाण्यानं भरलेला घट ठेवायचा. नऊ दिवसांत धान जितकं उंच येईल तितकी रब्बी चांगली. दसऱ्याला तेच धान गडीमाणसं टोपीत खोवून मिरवतात. तर दादाभाऊ बांधावर आला आणि गरजला, "हौशा, यंदा घटाला झाडाच्या बुडातली माती घे! पाल्यासकट! धान उगवलं, तर देवीची आण, ह्या बांधावर परत तोंड उघडनार न्हाई. आन् न्हाई उगवलं, तर झाडं तोडायची. एकवीसच्या एकवीस!"

"घेतली माती!" मी छाती पुढं काढली. ती बरगड्यांसकट पुढं आली.

आमच्या वस्तीवर आरती सांगणाऱ्या लंकाबाईंनी कपाळावर हात मारला. "अवो, देवीला कशाला बांधाच्या भांडनात वढताय? तिला काय तेवढंच काम हाय?"

पण घट बसला. आणि काय सांगू, गर्दी! "आलं का वर?" म्हणून डोकवायला पहिल्याच संध्याकाळी अकरा माणसं आली. साळू गेल्यापासून माझ्या ओट्यावर इतक्या चपला दिसल्या नव्हत्या. मी त्या दोनदा मोजल्या. आरती झाली तरी कुणी उठेना. मग मी शेंड्यावरच्या कावळ्याची गोष्ट सांगितली, तीही लोकांनी ऐकून घेतली.

तिसऱ्या दिवशी परडीत काही नाही. चौथ्या दिवशी काही नाही. पाचव्या दिवशी मी काडीनं माती उकरली. गहू फुगून तसाच पडलेला, लग्नाला येऊन पंगत चुकलेल्या पाहुण्यासारखा! परडीतून असा उग्र वास येत होता की वाटावं, देवीलाच पडसं झालंय.

 साहेब बरोबर. त्याहून वाईट म्हणजे दादाभाऊ बरोबर!

मग मी जे केलं ते कोणत्याही इभ्रतदार माणसानं केलं असतं. दुपारी वस्ती जेवून आडवी झाल्यावर मी दादाभाऊच्या रानात शिरलो, थेट मधोमध, जिथं माझा पाला पोचत नाही. टोपी काढली, तिच्यात त्याची काळीभोर माती भरली आणि वळलो, तो समोर त्याची बायको, अंबावहिनी!

"भावजी? टोपीत काय वो?"

आता माती टोपीत असताना माणूस काय करील? मी टोपी डोक्यावर घातली. मातीसकट!

"वहिनी, डोक्याला लई गरमी झालीय. वैद्यानं सांगितलंय, काळी माती थेट डोक्यावर. दुसऱ्याच्याच रानातली पाहिजे म्हनला."

"अगं बया! आन् उतरती का गरमी?"

"हे बघा, आत्ताच गार वाटाया लागलं!" माती माझ्या दोन्ही कानांवरून ओघळत होती. एक मुंगळा भुवईवर येऊन वाट विचारत होता. मी मान ताठ ठेवून घरी आलो. टोपीतली माती सांडू नये म्हणून इतका ताठ मी बोहल्यावरही उभा नव्हतो!

परडीपुढं बसलो. जुनी माती उपसायची, नवी भरायची, गहू पेरायचा, संपलं. चार दिवसांत बोटभर धान. दादाभाऊचं तोंड देवीच्या आणेनं कायमचं बंद!

माझा हात तिथंच थांबला.

कायमचं?

म्हणजे दसऱ्यानंतर सकाळी सहाला बांधावर कोण? कुणीच नाही. बरं, हरलो तर? झाडं तुटणार, त्याचा हरभरा उगवणार, मग तो बांधावर येऊन बोलणार कशाबद्दल? माझ्या तब्येतीबद्दल? जिंकलो तरी तो मुका, हरलो तरी तो मुका! असली पैज मी छाती पुढं काढून लावली होती. रोज उठल्यावर "हौशा" म्हणून हाक मारणारा या पृथ्वीवर एकच माणूस उरला होता, आणि त्याला गप्प करायला मी देवीला कामाला लावलं होतं.

मी घटाच्या अलीकडची माती तेवढी बदलली, तिच्यात गहू पेरला. पलीकडची तशीच ठेवली. देवीला हात जोडले आणि म्हणालो, "आई, निकाल लावू नको. एवढं सांभाळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बांधावर पाहतो तर दादाभाऊच्या डोक्यावर ओल्या मातीचा शेरभर गोळा! अंबावहिनींनी थापला होता. नवऱ्याच्या डोक्यातली गरमी सहा वर्षं बघत होती ती बाई, तिला औषध सापडल्यावर ती थांबते होय! मातीचं पाणी नाकावरून गळत असताना दादाभाऊ ओरडला, "हौशा! तुझ्या कुठल्या वैद्यानं हे काढलं, त्याचं नाव सांग मला!"

"नाव सांगितलं तर गुण जातो, दादा!"

संध्याकाळच्या आरतीला चौघेजण डोक्याला माती लावून आले. एकाची अर्धशिशी थांबली म्हणे. सातव्या दिवशी लंकाबाईंनी विचारलं, "हौशीरामभाऊ, गुडघ्याला चालंल का ही माती?" मी म्हणालो, चालेल. माणसं येतायत ना घरी, चालू दे!

दसरा उजाडला. माझं घर भरलं. ओटा भरला. शेजारून कप आणावे लागले. लंकाबाईंनी घटावरच्या माळा बाजूला केल्या आणि सगळे पुढं वाकले.

अलीकडं बोटभर हिरवंपिवळं धान. पलीकडं लख्ख माळरान!

"आता ह्याला काय म्हनायचं?" कुणीतरी पुटपुटलं.

"उगवलं म्हना!"

"डोळं फुटलं का तुझं? न्हाई उगवलं म्हना!"

"देवीनं दोघास्नी निम्मं निम्मं दिलं," लंकाबाईंनी निवाडा केला. "तिला माझ्यावानी दोन्ही घरी आरतीला जायचं असतंय."

दादाभाऊ मात्र पुढं सरकला. तो गुडघ्यावर बसला. धानात बोटं घातली, माती चिमटीत धरली, चुरली, हुंगली. आणि त्याच्या चिमटीत काहीतरी पांढरं आलं.  नखाएवढं कोंबडीचं पीस! आख्ख्या वस्तीत कोंबडीखत टाकलेलं रान एकच होतं, आणि ते कुणाचं हे सांगायला शेतकी साहेब लागत नव्हता.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. छतात पाहण्यासारखं काही नव्हतं तरी बराच वेळ पाहिलं.

दादाभाऊनं पीस गुपचूप सदऱ्याच्या खिशात टाकलं. मग खाकरला. "निकाल लागला न्हाई!" तो गरजला. "पुढच्या नवरात्रात परत बघू! तवर तुझी झाडं माझा हरभरा खात्यात ते खात्यातच!"

"झाडाला दात असत्यात का रं?" मी ओरडलो. माझा आवाज चिरकला. लोकांना वाटलं, रागानं.

आता इथं गोष्ट संपवली असती तर बरं झालं असतं. पण दिवाळीनंतर दादाभाऊचा मुलगा आला आणि दोघांना भोसरीला घेऊन गेला. कंपनीत पक्का झाला होता, खोली मोठी घेतली होती. जायच्या दिवशी सकाळी दादाभाऊ बांधावर आला, चांगला दीड तास बोलला आणि गेला.

पुढचं नवरात्र आलं, तो आला नाही. गुडघे धरले होते. रान त्यानं पारगावकडच्या बहिरू नावाच्या तरुणाला कसायला दिलं. बहिरू इतका गुणी की विचारू नका! मी मुद्दाम म्हणालो, "माझ्या पाल्यानं तुझं बी उगवत नसंल न्हाई?" तर म्हणतो, "असू द्या की बाबा. तेवढं रान सोडून पेरतो. सावलीला बसाया बरी हायेत झाडं." सकाळी सहाला मी बांधावर जाऊन नुसता खोकलो, तर म्हणतो, "बाबा, जुन्नरला चाललोय, औषध आणू का?" असल्या माणसाशी भांडायचं तरी कुठून?

मग एके दिवशी मी झाडं तोडून टाकली. ज्याचं पीक बिघडवायचं तो माणूसच जाग्यावर नाही, तर ती ठेवून करायचं काय?

दोन महिन्यांनी बांधावर गेलो आणि बघतच राहिलो. प्रत्येक बुडख्याला फुटवे! एकेकाला दहा-दहा! मी पहिल्या एसटीनं जुन्नर गाठलं. बाजारातल्या फोनच्या बूथवर तेजस्विनी नावाची मुलगी बसते, तिला भोसरीचा नंबर लावायला सांगितला.

"दादा, मी हौशीराम. झाडं तोडली रं."

 पलीकडून इतक्या हळू आवाजात, की मला वाटलं नंबर चुकला, "तोडली व्हय? बरं केलंस."

आणि पुढं काहीच नाही. दादाभाऊ आणि काहीच नाही!

"पण दादा, बुडख्यांना फुटवे आलेत! एकविसाची दोनशे झाडं व्हनार! तुझ्या पार निम्म्या रानात पाला पडंल आता!"

एक श्वास ऐकू आला. लांबलचक. आणि मग भोसरीहून, सगळ्या तारांतून, सगळ्या खांबांवरून तो आवाज आला, "हौशा! अरं नालायका! मी तिथं न्हाई बघून..." मला रिसिव्हर कानापासून हातभर लांब धरावा लागला. रांगेतली माणसं हसायला लागली. मी पण.

दोन-तीन मिनिटं झाली असतील, लाईन कटली. तेजस्विनीनं मीटरकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि मान खाली घालून उगाच वही चाळायला लागली. शहाणी मुलगी. मी रिसिव्हर कानालाच ठेवला आणि मधूनमधून "अरं, ऐकून तर घे!" म्हणत राहिलो. शेवटी रांगेतला एकजण वैतागला, "आटपा की बाबा, आमाला बी फोन करायचाय!"

मी त्याच्यावर खेकसलो, "थांब की जरा! घरचं माणूस बोलतंय!"