अंगठा वर

समुद्राच्या तळाशी जायची हौस बाईंची होती. त्यासाठी त्या पन्नाशीत पोहायला शिकल्या होत्या. साहेब, म्हणजे त्यांचे यजमान, "तू एकटी कशी जाशील?" म्हणून बरोबर आले होते. लग्न झाल्यापासून ते असेच बरोबर येत, आणि बाई अर्ध्यातून परत येत.

बेटाजवळ होडी थांबली. प्रशिक्षक मुलगी पाण्याखालच्या खाणाखुणा समजावत होती, तेव्हा साहेब होडीवाल्याला दोर कसा बांधावा ते समजावत होते.

"काका, ऐकताय ना? जोडीतला एक वर आला, की दुसऱ्यानंही यायचं."

"अगं, मी अख्खं ऑफिस चालवलंय. तू काकूंकडे बघ."

पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, अशी वरात खाली उतरली. निळ्या-पिवळ्या माशांचा थवा समोरून सरकला. बाई हरखल्या. मुलीनं हातानंच विचारलं, ठीक? साहेबांनी ऐटीत अंगठा दाखवला. मुलीनं तत्काळ दोघांना वर आणलं.

"काय होतंय काका?"

"मला काय धाड भरलीय? मस्त, म्हणून अंगठा दाखवला!"

"अंगठा म्हणजे वर न्या. ठीक असेल तर बोटांची गोल कडी करायची."

"ही कुठली पद्धत? शेंबड्या पोरालाही अंगठा कळतो!"

 बाईंनी चष्म्यातलं पाणी ओतून तो पुन्हा चढवला.

दुसऱ्या खेपेला कासव आलं. बाई श्वास सांभाळत त्याच्याकडे बघत राहिल्या. हिचं लक्षच नाही, असं साहेबांना वाटलं. कासव कसं डुलतंय ते दाखवायला त्यांनी तळहात आडवा धरून डुलवला. पुन्हा सगळे वर.

"हात डुलवला म्हणजे काहीतरी बिघडलंय. आता काय बिघडलं?" मुलगी धापा टाकत म्हणाली.

"बिघडतंय कशाला? हिला कासव दाखवत होतो!"

"अहो, मी त्यालाच बघत होते," बाई म्हणाल्या. "हातभर अंतरावर आलं होतं."

"मग तसं सांगायचंस!"

"पाण्याखाली?"

या धावपळीत साहेबांनी हवा अशी ओढली होती, की टाकी संपत आली. मुलीनं काटा बघितला. "काका आता होडीतच बसतील. मी काकूंची जोडीदार." साहेबांनी तोंड उघडेपर्यंत बाई पाण्यात शिरल्यासुद्धा.

होडी हेलकावू लागली.  होडीवाल्याला चार गोष्टी सांगता सांगता साहेब कडेला वाकले आणि सकाळचं सगळं समुद्राला देऊन मोकळे झाले.

बऱ्याच वेळानं बाई वर आल्या. त्यांचा असा चेहरा साहेबांनी कधी पाहिला नव्हता.

"काय होतं एवढं खाली?"

"कुणी बोलत नव्हतं."

"पुरे आता. उद्या सकाळच्या लाँचनं निघू."

"तुम्ही निघा. मी महिनाभर राहतेय."

साहेब मोठ्यानं हसले. बाईंना विनोद करता येतो, हे त्यांना आजच कळत होतं.

सकाळी लाँचमध्ये त्यांनी खिडकीची जागा धरली आणि शेजारच्या जागेवर बॅग ठेवली.

"इथं कुणी आहे का?" एका प्रवाशानं विचारलं.

"आमची मंडळी येतेय," साहेब म्हणाले.

धक्का तोवर पार मागे पडला होता.