दादाचा तोच प्रश्न

विद्यापीठाने यंदा फर्मान काढलं की प्रत्येक विद्यार्थ्याने ई-पोर्टफोलिओ ठेवायचा. दर आठवड्याला एक फोटो टाकायचा, खाली ‘यातून काय शिकलो’ ते लिहायचं आणि पालक-शिक्षकाने वाचून पोराला वळण लावायचं. शेवटी त्यांची सही नसेल तर परीक्षा नाही. पोरांनी शेतांचे, पुस्तकांचे फोटो टाकले. सुगतच्या वर्गाच्या पालक-शिक्षक धम्मशीला मॅडम जांभया देत वाचायच्या.

सुगतने मात्र चपला टाकल्या. कुणाच्या तरी दारात चार जोड. पुढच्या आठवड्यात दार वेगळं, जोड तेच. खाली लिहिलेलं, ‘दादानं तोच प्रश्न विचारला. पोहे बरे होते. उठून आलो.’ मंडळी थोरल्या भावासाठी मुली बघत हिंडताहेत, हे कुणीही ओळखलं असतं. पण प्रश्न कोणता? त्यापुढची नोंद तर कहरच होती. ‘पालम गाव. तोच प्रश्न. मुलगी रडली. दादा हसत उठला.’ आता आली का पंचाईत! मुलगी रडते आणि हा बाबा हसतो, असं विचारतो तरी काय?

मॅडमनी सुगतला बोलावून घेतलं. चपलांचं त्याने सांगितलं. सेलूला आबांचा, म्हणजे वडिलांचा, नवा जोड कुणीतरी घालून गेलं होतं, तेव्हापासून दारोदार फोटो काढायचं काम त्याच्याकडे आलं. आयताच फोटो मिळतो म्हणून तो टाकायचा. हे कुणी वाचत असेल, असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

"आणि प्रश्न?"

"दादा मुलीसंगं एकटाच बोलतो, मॅडम. भाईर आला की म्हनतो, तोच विचारला, चला. आमाला सांगतच न्हाई."

"मग नोंद अर्धवट आहे," मॅडम म्हणाल्या. "पूर्ण कर, मग सही."

सुगतचा चेहरा एवढासा झाला.

मॅडमच्या स्वतःच्या घरी वेगळीच कटकट होती. आईने, म्हणजे सरजाबाईंनी, लेकीला न विचारता रविवारी पाहुणे बोलावले होते. मुलगा तलाठी होता. मॅडमनी ठरवून टाकलं, डोकं दुखतंय म्हणायचं आणि बाहेर यायचंच नाही.

रविवारी तशा त्या पडूनच होत्या. सहज खिडकीतून पाहिलं, तर सुगत उंबऱ्याशी वाकून फोटो काढत होता. चार जोड, सगळे ओळखीचे. मॅडम ताडकन उठल्या आणि पोह्यांचा ट्रे आईच्या हातातून ओढून घेतला. सरजाबाईंना वाटलं, पोरीला ताप चढला. मॅडमना ट्रेसह पाहून सुगत वर्गात उभा राहावा तसा उभा राहिला.

आतल्या खोलीत सुगतचा दादा, सिद्धोधन, कप फिरवत बसला. मॅडमचा जीव कानात आला होता.

"राग मानू नका," तो म्हणाला. "तुमची खरंच मर्जी हाय, का घरच्यांनी बसवलं? मनात नसंल तर नकार माझ्याकडनं कळवतो. तुमाला बोल लागायचा न्हाई."

म्हणजे पालमची मुलगी सुटकेने रडली होती.

"सकाळपर्यंत घरच्यांनीच बसवलं होतं," त्या म्हणाल्या. "बाहेर आले ती मात्र माझ्या मर्जीनं."

सिद्धोधन उठलाच नाही. बाहेर आबा खाकरून खाकरून दमले.

सोमवारी नवी नोंद आली. ‘परभणी. प्रश्न तोच. उत्तर दादा सांगत न्हाई, नुसताच हसायलाय. मॅडम, नोंद आता तुमीच पूर्ण करा.’

मॅडमनी खाली लिहिलं, ‘सही केली आहे. पुढची भेट रविवारी, आमच्या घरी. दादाला आणणे. फोटोची गरज नाही, चपला आत ठेवू.’