उत्तर यायला वेळ लागतो

दिगूभाऊंना कोणताही प्रश्न विचारा, ते आधी गप्प राहतात. प्रश्न अवघडच असायला हवा असं नाही. "चहा घेता का?" एवढं विचारलं तरी ते तुमच्याकडे शांतपणे बघत उभे राहतात. तुम्ही कंटाळून कप आत नेऊन ठेवलात की मागून आवाज येतो, "हो. अर्धा."

कारण मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं भराभर होईल. दिगूभाऊ, म्हणजे डॉक्टर दिगंबर, बंगळुरूच्या एका सरकारी विज्ञानसंस्थेत यंत्रमानव विभागातले मोठे अधिकारी आहेत. चंद्रावर चालवायच्या गाड्या ते बनवतात. तिथल्या गाडीला इथून "पुढे जा" म्हटलं, की तो निरोप तिथे पोहोचून "गेले" असं उत्तर यायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात घाई करून दुसरा हुकूम सोडला की गाडी खड्ड्यात. म्हणून हाताखालच्या माणसांना थांबायची सवय लागावी यासाठी त्यांनी आपल्या विभागात नियम केला: कुणी काही विचारलं की आधी थांबायचं, मग बोलायचं. माणसं संध्याकाळी घरी जाऊन नियम विसरत. दिगूभाऊंच्या घरी विसरायला लावणारं कुणी नव्हतं, त्यामुळे तो त्यांच्या अंगात मुरला. "निरोप पोहोचू द्या," हे त्यांचं आवडतं वाक्य.

लोणारला आमच्या किराणा दुकानाला लागून त्यांच्या आईचं, गोदाकाकूंचं घर आहे. दुकान मी चालवते. माझा स्वभाव अगदी उलटा. गिऱ्हाईक "पाव किलो" म्हणेपर्यंत माझी साखर बांधून झालेली असते. त्यामुळे दर महिन्याला दिगूभाऊ सुट्टी काढून आले की माझं डोकं दुखतं.

एकदा आठवडी बाजारात त्यांच्यासोबत गेले. वांगीवालीनं विचारलं, "किती देऊ भाऊ?"

दिगूभाऊ गप्प.

"महाग वाटून राह्यले का? दहा रुपये कमी लावतो."

गप्प.

"बरं, आनखी पाच कमी. कोथिंबीर वरून देतो. आता तं बोला!"

गप्प. बाईनं कपाळाला हात लावला. "वैनी, ह्यो कोन मानूस आनला हो तुमी? लय कडक गिऱ्हाईक हाय!"

एवढ्यात पहिल्या प्रश्नाचं उत्तर आलं. "पाव किलो."

हे निदान स्वस्तात पडलं. आमची पाण्याची टाकी भरून वाहू लागली तेव्हा महागात पडलं. माझे यजमान, सुरेशराव, पत्र्यावर चढले. दिगूभाऊ खाली अंगणात उभे राहिले आणि त्यांनी कामाचा ताबा घेतला.

"एक पाऊल पुढे. थांबा. स्थिती सांगा."

"स्थिती काय सांगू? टाकी वाहून राह्यली!"

"टाकीची नाही. तुमची."

"मी भिजून राह्यलो!"

दिगूभाऊ गप्प. वरून पाण्याची धार चालूच.

"निरोप मिळाला," ते म्हणाले. "आता डावा हात तीस अंश उचला."

"दिगूभाऊ, मी मानूस हाय हो!"

यावरही ते जरा थांबले. पडताळून पाहत असावेत.

गेल्या उन्हाळ्यात ते एक सहा चाकांची गाडी आणि चार शास्त्रज्ञ घेऊन आले. आमच्याकडचा काळा दगड चंद्रावरच्या दगडासारखा असतो म्हणे. गावाबाहेरच्या मुरमाड पडीक रानात गाडी चालवून पाहायची होती. त्या सगळ्यांचे डबे मी पुरवले, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. गाडी छान चालली होती. मग एक बकरी आली आणि तिच्यापुढे बसली.

गाडी थांबली. शास्त्रज्ञांची बैठक भरली. चंद्रावर बकरी नसल्यामुळे तिच्याबाबत काय करायचं हे ठरलेलंच नव्हतं. एक तरुण शास्त्रज्ञ तिला हुसकायला उठला तर दिगूभाऊंनी त्याला खाली बसवलं. "तिथे हुसकायला कोण जाणार आहे? गाडीलाच ठरवू द्या." गाडी विचार करत राहिली, बकरी रवंथ करत राहिली. उन्हं कलल्यावर बकरी आपण होऊन उठली. दिगूभाऊंनी सर्वांना सांगितलं, "अडथळा दूर झाला." आणि शास्त्रज्ञांनी चक्क टाळ्या वाजवल्या! माझ्या पोळ्या तोवर वातड झाल्या होत्या.

त्यानंतर पावसाळ्यात गोदाकाकूंना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं अडकलं. शब्द आत असायचे, पण एकेक करून बाहेर यायला फार वेळ लागायचा. दिवसरात्र सोबतीला एक बाई ठेवली, दोन वेळचं खाणं माझ्याकडून. मी विचारायची, "काकू, पोहे का उपमा? पोहे ना? आनले." काम भराभर उरकायचं.

दिवाळीनंतर दिगूभाऊ आले ते चेहरा पाडूनच. त्यांना सगळ्या विभागाचं संचालकपद देऊ केलं होतं. सोमवारी होय-नाही कळवायचं होतं. ती खुर्ची घेतली तर दर महिन्याची लोणारची फेरी बंद. "मी नाही म्हणणार आहे," ते मला म्हणाले, आणि विशेष म्हणजे मी काही विचारलेलंच नव्हतं.

हे मलकापूरला त्यांच्या थोरल्या बहिणीला, कुसुमताईंना कळलं. त्या रविवारी सकाळी गाडी करून हजर. "येडा झाला का बे? एवढी मोठी खुर्ची कोनी सोडते का? आईले मी नेतो मलकापूरले. झालं!"

मला ते पटलं. मी लगेच सामानाची यादी केली: औषधं, चादरी, काकूंचं तांब्याभांडं, पायाला लावायचं तेल. दुपारपर्यंत दोन बोचकी बांधून दारात ठेवली. ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला.

तेव्हा दिगूभाऊ आईच्या खाटेसमोर स्टूल घेऊन बसले. "आई, तुले कुठी राहाचं हाय?"

"तिले काय इचारतं?" कुसुमताई म्हणाल्या. "लेकीकडं याले कोनती माय नाई म्हनते?"

"गृहीत धरू नको, ताई."

"काकूले मलकापूरच बरं," मी म्हटलं. "दवाखाना जवळ, टेसन जवळ—"

"वैनी." दिगूभाऊंनी हात वर केला. "निरोप पोहोचू द्या."

काकूंचे ओठ हलले, थांबले. बाहेर हॉर्न वाजला. माझ्या तोंडात त्यांच्यासाठी पाच उत्तरं तयार होती आणि ती गिळताना मला घाम फुटला. दिगूभाऊ मात्र बंद पडल्यासारखे निवांत बसले होते, रानात बकरीपुढे बसले होते तसेच. मग माझ्या लक्षात आलं की झटका आल्यापासून काकूंचं एक अख्खं वाक्य मी ऐकलेलं नाही.

"मले..." काकू म्हणाल्या. "तुह्या... संगं... याचं हाय."

कुसुमताईंनी तोंडाला पदर लावला. मलकापूर किंवा लोणार, एवढाच विचार आम्ही केला होता. बंगळुरू कुणाच्या डोक्यातच नव्हतं, दिगूभाऊंच्यासुद्धा. त्यांचे कान लाल झाले होते.

काकूंचं संपलं नव्हतं. "तुह्या... घरी... खिडकी..."

"हाय! हाय ना आई! मोठी हाय!"

दिगूभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा लगेच उत्तर दिलं होतं. काकूंनी कपाळाला आठी घातली.

"पुरं... बोलू तं... दे."

"हाव. बोल."

"खिडकीतून... काय... दिसते?"

काकूंचा सगळा दिवस खिडकीतून गल्ली बघण्यात जायचा, त्यामुळे प्रश्न रास्त होता. दिगूभाऊ गप्प झाले. आम्हाला वाटलं, निरोप जातोय. पण नेहमीचा वेळ होऊन गेला, त्याच्या दुप्पट झाला, आणि ते स्टुलावर बसून आपल्या पंज्यांकडे बघत राहिले.

"मले मालूम नाई, आई," ते शेवटी म्हणाले. "मी कधी पाह्यलंच नाई."

आता थांबायची पाळी त्यांची होती आणि काकूंनी त्यांना बराच वेळ थांबवलं. मधे कुणी बोललं नाही. कुसुमताईही नाहीत.

"मंग..." काकू म्हणाल्या, "दोघं... पाहू."

दिगूभाऊ उठले आणि ड्रायव्हरला थांबायला सांगतो म्हणत मागच्या दारानं परसात गेले. गाडी पुढच्या दारात उभी होती.

मी बोचकी सोडायला घेतली, कारण आता सामान वेगळं लागणार होतं. "काकू, ह्या दोन्ही शाली घ्याच्या ना? घ्याच्याच, तिकडं थंडी—" म्हणता म्हणता मी तोंड मिटलं आणि शाल हातात धरून उभी राहिले. काकू शालीकडे बघत होत्या, ओठ हलायला लागले होते. शेजारी दुकानात गिऱ्हाईक हाका मारत होतं.

मारू दे.