खैरघाटात उतरलेली बिनलाइटची गाडी

गोपीचंद धकाते यांच्या मते जगात गाडी चालवणारे दोनच प्रकारचे लोक होते: शहाणे आणि डिझेल जाळणारे! आणि आंधळगावातच काय, अख्ख्या मोहाडी तालुक्यात शहाणा एकच होता. तो कोण, हे सांगायला ते कुणाला फार वाट पाहायला लावत नसत.

त्यांचा धंदा कोशाच्या रेशमी साड्यांचा, आणि छंद डिझेल वाचवण्याचा. उतार लागला की इंजिन बंद. हॉर्न वाजवायचा नाही, काच खाली करून ओरडायचं. चाकांत हवा भरायला थांबायचं नाही, कारण थांबलं की गाडी पुन्हा सुरू करणं आलं. आणि लाइट? लाइटचं तर नावच काढू नका!

"लाइट कायच्यावर चालते? बॅटरीवर. बॅटरी कायच्यावर? इंजिनवर. अन् इंजिन?" एवढं बोलून ते समोरच्याकडे असे पाहत, की त्या बिचाऱ्याला आपणच चोरून डिझेल प्यालोय असं वाटावं. "मले रस्ता दिसते ना? मंग लाइट कोनासाठी लावू?"

गाडी म्हणजे पांढरी जुनी अँबेसेडर, भंडाऱ्याच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानातून घेतलेली. ड्रायव्हरकडचा दरवाजा तेवढा हिरवागार, कारण तो कुठल्या तरी दुसऱ्या गाडीचा. त्या दरवाजापायी ती स्वस्तात मिळाली, म्हणून गोपीचंदांना तो दरवाजा फार आवडे. आधी गाडी कुणाची होती, हे त्यांनी विचारलं नाही. विचारपूस केली की भाव वाढतो, असं त्यांचं मत होतं.

या शहाणपणाची किंमत मात्र पोराला मोजावी लागत होती. वीरेंद्र तिशीला टेकला तरी सोयरीक जमेना. पोरगा देखणा, दुकानात हुशार, पण बोलणी सुरू झाली की गोपीचंदांची कीर्ती त्याच्या आधी मुलीच्या घरी जाऊन बसे! अशात पवनीकडच्या खैरघाटचं स्थळ आलं. मुलगी रेणू. वडील चंद्रभान वारलेले, घर आई शेवंताबाई आणि काका सोमाजी सांभाळत. वीरेंद्रनं रेणूला एका लग्नात पाहिलं होतं आणि तेव्हापासून तो वरणात मीठ आहे की नाही हे सांगू शकत नव्हता.

"हे स्थळ हुकलं ना, तं मी करडीले माहेरी जाईन अन् वापस नाई येनार!" शकुनबाईंनी नवऱ्याला निघतानाच बजावलं. त्यांचा आवाज ऐकून गोपीचंदांनी त्या दिवशी कधी नव्हे ते काचसुद्धा पुसली.

थंडीचे दिवस. दिवेलागणीच्या आत पोहोचायचं ठरलं होतं. पण गाडी हळू चालवली की डिझेल कमी लागतं! बैलगाडीवाले मागून येऊन "काका, बिघडली काय?" असं विचारून पुढे जात होते. खैरघाटच्या फाट्यावर आले तेव्हा सूर्य बुडाला होता.

आता हे खैरघाट म्हणजे गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेलं गाव. लोक केव्हाच टेकडीवरच्या नव्या वस्तीत राहायला गेले होते. मध्यस्थ टिकारामनं दहादा सांगितलं होतं, नव्या डांबरी रस्त्यानंच या. पण तो रस्ता वळसा घालून चढणीनं जाणारा, आणि जुना रस्ता समोरच सरळ खाली उतरणारा. साडी विकायला गोपीचंद पूर्वी त्याच रस्त्यानं येत.

"जुन्या गावातून वर जाची पायवाट हाये, तिथून गाडी निंगते," ते म्हणाले. "गाव हाललं म्हनून रस्ता थोडीच हालते!"

"बाबा, अंधार पडला. लाइट तरी लावा," वीरेंद्र म्हणाला.

"मले दिसून रायलं," गोपीचंद म्हणाले आणि त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

गाडी उतारावर आपली आपण चालू लागली. ना आवाज, ना उजेड. डाव्या हाताला कसली तरी पांढरी पाटी येऊन गेली. तिच्यावर 'पुढे रस्ता बंद' असं लिहिलेलं होतं, पण अंधारात ते कोण वाचणार! बाभळीच्या फांद्या दोन्ही बाजूंनी गाडीला ओरखडत होत्या. चाकांखाली वाळका पाला चुरत होता, आणि इंजिन बंद असल्यामुळे तो आवाज नको इतका स्वच्छ ऐकू येत होता.

मग भिंती सुरू झाल्या. नुसत्या भिंती! जाताना लोकांनी छपराची कवेलू, लाकडं, दारं, खिडक्या सगळं काढून नेलेलं. दारांच्या जागी काळी भोकं होती, आणि गाडी पुढे सरकली की त्या भोकांतून कुणी तरी सरकल्यासारखं वाटे. एका ओसाड अंगणात तुळशीवृंदावन तेवढं उभं होतं, मागे घरच नाही. विजेचे खांब तारांशिवाय एकामागून एक खाली गेले होते, आणि शेवटचे दोन पाण्यात उभे होते. पाण्यावरून धुकं उठून गल्लीगल्लीत शिरत होतं.

"अवो, इथं कोनी राहात नाई ना?" शकुनबाईंनी विचारलं.

"कोन राहीन!"

"मंग दिवा कोनाचा हाये तो?"

गोपीचंदांनी पाहिलं. खाली, जिथे पाणी लागतं तिथे, एक लहानसा उजेड हलत होता. तेवढ्यात पुढच्या चाकांखाली पाणी चुबकलं! त्यांनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली ती नेमकी एका जुन्या चिंचेखाली, मातामायच्या ओट्याला लागून. गावदेवीचं ठाणं ते. त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन एकदा खर्र करून गप्प झालं. पुन्हा फिरवली, तर तेही नाही.

उजेड वर येऊ लागला. पाण्यातून वर येणाऱ्या पायऱ्यांवरून दोन माणसं चढत होती, पुढे पुरुष आणि मागे बाई. दोघांचे कपडे गुडघ्यापर्यंत ओले, पुरुषाच्या एका हातात दिव्याचं ताट, आणि खालून पडलेल्या उजेडात चेहऱ्यांवर डोळ्यांच्या ठिकाणी नुसत्या खाचा दिसत होत्या. गाडी पाहून दोघं जागच्या जागी थिजली. पुरुषाच्या दुसऱ्या हातातला नारळ सुटला आणि टप् टप् करत पायऱ्यांवरून पाण्यात गेला.

"डुबलेल्या गावातले हायेत, वो!" शकुनबाई कुजबुजल्या आणि त्यांनी पदर तोंडात कोंबला. खैरघाटात कुणीच बुडालं नव्हतं, सगळं गाव भांडीकुंडी घेऊन चालत टेकडीवर गेलं होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण त्या वेळी त्या चिंचेखाली ते आठवायला कुणाची छाती होती! वीरेंद्र तर सीटवरून केव्हाच खाली घसरला होता.

पुरुष चार पावलं पुढे आला. हिरव्या दरवाजावर दिव्याचा उजेड पडला, आणि त्यानं ताट खाली ठेवून चक्क हात जोडले.

"भाऊ," तो म्हणाला. "तुमी आले काय?"

गोपीचंद सीटमध्ये आणखी खाली सरकले.

"तुमचीच गाडी हाये, भाऊ. हा दरवाजा तुमीच बसवला होता. अन् उभी पन तुमच्याच जागेवर केली, मातामायपाशी. आवाज नाई, उजेड नाई. मी तवाच समजलो!" तो रडायलाच लागला. "आज रेणूले पाहाले आंधळगावचे लोकं येऊन रायले. पोट्टीचं पक्कं कराच्या आधी आमी पान्यात पाय धुऊन मातामायले इचाराले आलो, तं तुमीच येऊन उभे झाले!"

रेणू! आंधळगाव! गोपीचंदांच्या डोक्यात आता कुठे उजेड पडला. हे भूत नव्हतं, हा सोमाजी होता. मागची ती शेवंताबाई. गाडी तिच्या वारलेल्या नवऱ्याची, चंद्रभानची, त्याच्या मागे विकली गेलेली. आणि काचेआडच्या काळ्या सावलीला ही दोघं चंद्रभान समजून बसली होती!

भला माणूस असता तर लगेच खाली उतरला असता. गोपीचंदही उतरणारच होते, अगदी हात दरवाजावर गेलाही होता. पण तेवढ्यात सोमाजीनं विचारलं, "भाऊ, देऊ काय पोट्टी त्या घरी?"

मागून शकुनबाईंनी असा चिमटा काढला, की गोपीचंदांच्या तोंडून आपोआपच घोगरा आवाज निघाला, "द्याऽऽ!"

सोमाजीनं जमिनीवर डोकं टेकलं. "पोट्टा चांगला हाये ना, भाऊ?"

"भल्ला चांगलाऽऽ!"

सीटखालून "बाबा, नको ना!" असा बारीक आवाज आला. तो सोमाजीला धुक्यातून आल्यासारखा वाटला असावा, कारण तो आणखीनच वाकला.

"पन भाऊ, लोकं म्हनते, पोट्ट्याचा बाप जबर कंजूस हाये."

"झूट हायेऽऽ!" आता या आवाजात भुतापेक्षा अपमानच जास्त होता.

शेवंताबाईंनी सोमाजीनं खाली ठेवलेलं ताट उचललं आणि त्या सरळ काचेपाशी आल्या. दिव्याच्या उजेडात त्यांचा चेहरा कोरडा आणि शांत होता.

"एक सांगा," त्या म्हणाल्या. "लाइट कायले बंद ठेवली?"

"डिझेल वाचते!" गोपीचंद म्हणाले.

वीस वर्षांची सवय! प्रश्न आला की उत्तर बाहेर पडलंच! आपण काय बोललो हे कळेपर्यंत शेवंताबाईंनी दरवाजा उघडला होता आणि दिवा थेट त्यांच्या नाकासमोर धरला होता. मागच्या सीटवर पदर चावणाऱ्या शकुनबाई दिसल्या, आणि खाली आपला भावी जावई बसलेला दिसला, दोन्ही हातांनी डोकं झाकून.

"नमस्कार," गोपीचंद म्हणाले. दुसरं काय म्हणणार!

सोमाजी तोंड उघडं ठेवून उभा होता. शेवंताबाई मात्र ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आमचे हे गुरं घरी याच्या टायमाले लाइट लावत," त्या म्हणाल्या. "मी म्हनो, अजून तं दिसते. तं ते म्हनत, मले दिसते, पन समोरच्याले मी दिसतो काय?" त्यांनी दिव्याची वात पुढे सारली. "दोन सालं झाली. अशीच सांज होती. ते इथूनच पायी वापस येऊन रायले होते. फाट्यापाशी बिनलाइटची गाडी आली. चालवनारा पंचनाम्याच्या वक्ताले म्हने, मले तं सारं साफ दिसत होतं. त्याले दिसत होतं! आमच्या मानसाले गाडी दिसली नाई."

गोपीचंदांना आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या शहाणपणाची लाज वाटली, आणि ती इतकी वाटली की त्यांनी घाईघाईनं लाइटचं बटन ओढलं. समोरच्या पाण्यावर पिवळसर उजेड पडला, मिणमिणला आणि विझला. बॅटरी संपली होती. बॅटरी बदलायचीही त्यांनी बचतच केली होती!

"मी आपल्या पोट्टीले त्या घरी कशी धाडू, तुमीच सांगा," शेवंताबाई म्हणाल्या आणि त्यांनी पाठ फिरवली.

पण पाहुण्यांना पाण्याच्या काठी सोडून जाणारी ती बाई नव्हती. सोमाजी वर जाऊन सहा-सात जणांना घेऊन आला, आणि सोयरिकीला आलेली अँबेसेडर ढकलत ढकलत टेकडीवर निघाली. गोपीचंद कोशाच्या नव्या सदऱ्यात घामाघूम होऊन मागून रेटत होते. सोमाजीनं चाकाला लाथ मारून पाहिली.

"भाऊ, चाकात हवाच नाई! अशी गाडी तं दुप्पट डिझेल पेते!"

गोपीचंदांना तो धक्का गाडीच्या वजनापेक्षा जड गेला. पुढे शेवंताबाई दिवा उंच धरून चालत होत्या, समोरून येणाऱ्याला दिसावं म्हणून.

घरी चहा-पोहे झाले, पण विषय कुणी काढेना. शकुनबाई डोळ्यांनीच करडीची वाट मोजत होत्या. शेवटी रेणूनंच कपबशा उचलताना वीरेंद्रला विचारलं, "तुमी पन अशीच बिनलाइटची गाडी चालवता काय?"

"मी सायकल चालवतो," वीरेंद्र मान खाली घालून म्हणाला. "बाबा गाडीले हातच लावू देत नाई. डिझेल जळते म्हनते."

रेणू तोंडाला पदर लावून आत पळाली. आतून हसू ऐकू आलं. शेवंताबाई हसल्या नाहीत. "उद्या मी घर पाहाले येतो," एवढंच म्हणाल्या. "मंग सांगतो."

सकाळी दाट धुकं होतं. उसनी मागितलेली बॅटरी लावून गाडी निघाली. मागे शेवंताबाई आणि शकुनबाई, पुढे वीरेंद्र, आणि दोन्ही लाइट चालू. भंडाऱ्यापाशी धुकं विरलं, लखलखीत ऊन पडलं, आणि समोरून येणारा प्रत्येक जण हाताचा पंजा उघडझाप करून खुणावू लागला, लाइट सुरू आहे, लाइट सुरू आहे! दरेक खुणेला गोपीचंदांच्या पोटात डिझेलचा एकेक थेंब जळत होता. शेवटी न राहवून त्यांचा हात बटनाकडे गेला. हात बटनापर्यंत पोहोचला आणि मुकाट्यानं स्टिअरिंगवर परत आला.

मग मागून शेवंताबाईंचा आवाज आला.

"आता ऊन पडलं. बंद करा ना, इवाई."

इवाई! म्हणजे व्याही! शकुनबाईंनी आनंदानं हातच जोडले. गोपीचंदांनी मात्र बटनाला हात लावला नाही. काच खाली करून ते समोरून येणाऱ्या प्रत्येकाला ओरडून सांगत सुटले, "मालूम हाये, मालूम हाये! मुद्दाम लावली हाये!" आंधळगाव येईपर्यंत त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यातलं सोयरिकीचं किती आणि डिझेलचं किती, ते मात्र त्यांनी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.