दिवाणखान्याच्या स्विचास नवी टोपी चढविल्याची हकीकत

श्री.

थोरांच्या मोहिमा थोरांच्या पदरच्या मंडळींनी लिहून ठेविल्या. किल्ले किती घेतले, घोडी किती पडली, हे सर्व कागदी राहिले. परंतु घरातील भिंतीवर, माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर जो मोर्चा लढविला गेला त्याची दाद कोणी घेतली नाही. सबब ही हकीकत. वाचणाराने हात कोरडे करून वाचावी.

ते समयी मुलखात खुल्या बाजाराचा अंमल नुकताच बसला होता. तंजावुरी राजवाड्यामागील गल्लीत गच्चीगच्चीवर केबलच्या तारा चढल्या आणि परदेशी वाहिन्या घरोघर उतरल्या. त्याच गल्लीत राजश्री सीतारामराव, सरकारी नोकरीतून निवृत्त; त्यांचे पुत्र हरिप्रसाद, बँकेत कामास; सून सौभाग्यवती वाणी, फिजिक्स घेऊन बी.एस्सी. जाहलेली, आणि नात अखिला, नुकती चालू लागलेली, ऐसे नांदत होते. टीव्ही रंगीत आला, वायरिंग मात्र जुन्या अमदानीचे. स्विच गोल आणि काळे, त्यांवर आटे फिरवून बसविण्याची टोपी.

अखिलाबाईंचा शिरस्ता असा की, दिवेलागणीस आजोबांच्या कडेवर स्वार व्हावे आणि "ताता, लाइट" ऐसे फर्मान सोडावे, मग आजोबांनी स्वारी दिवाणखान्याच्या स्विचापाशी न्यावी, बाईंनी बोटाने खटका पाडावा, आणि दिवा लागताच उभयतांनी त्यास हात जोडावे. नोकरी सरली तेव्हापासून सीतारामरावांपाशी एवढीच जहागीर शिल्लक होती.

मग महानवमी आली. आयुधपूजेस्तव कोलूच्या, म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर मांडलेल्या, बाहुल्यांपुढे पेचकस, पक्कड, टेस्टर, कात्री आणि वाणीची फिजिक्सची पुस्तके मांडून गंधकुंकू वाहिले, स्कूटरच्या चाकाखाली लिंबू चिरडले, आणि सीतारामराव ओले फडके व गंधाची वाटी घेऊन फ्रीज, शिलाई मशीन, ओसरीवरील मेनचा बोर्ड, स्विच यांस टिळे लावीत निघाले. तो दिवाणखान्याचा स्विच पुसताना टोपी फुटून निम्मी हातात आली, हातातून फरशीवर आली आणि तिचे तुकडे जाहले. आतील पितळ उघडे पडले. ईश्वराने खैर केली की फडके अलीकडेच थांबले. वाणी स्वयंपाकघराच्या दारी हे पाहात उभी होती. प्रसादाचे हरभऱ्याचे सुंडल ढवळण्याचा डाव हातचा हातीच राहिला.

तिने तत्काळ अर्ज गुजारला की टेस्टर द्यावा आणि मेन पाडावा. सीतारामरावांचा हुकूम जाहला की आयुधे पूजेत बसली, दशमीची आरती होईतो उचलणे नाही. मेनच्या बोर्डासही गंध लागले, तोही देवाकडे रुजू. हरिप्रसादांनी पुस्ती जोडिली की आज दुकानेही बंद, एका दिवसाने काय बिघडते. जुन्या वायरिंगात खटका बंद दिसला म्हणोन पितळावर भरवसा ठेवू नये, हे वाणीस ठाऊक होते. परंतु ज्या पुस्तकात ते छापिले होते ते पुस्तकही पूजेतच बसले होते.

मग तिने त्या भिंतीखाली चौकी बसविली, म्हणजे आपणच पाट टाकून बसली. तेथेच भाजी निवडली, तेथेच लेकीस भरविले. नजर मात्र त्या चार बोटे उघड्या पितळावर. होता होता दिवेलागण जाहली आणि सीतारामराव नात कडेवर घेऊन नित्याच्या वाटेने चालत आले. सकाळचा प्रसंग त्यांचे स्मरणातून गेला होता. अखिलाबाईंचे बोट पुढे जाहले. वाणी उठून आडवी उभी राहिली.

"मामंजी, आज नको."

"का? पाडीन की काय मी तिला?"

"पाडणार नाही. विसराल."

सीतारामराव नातीस खाली उतरवून परसात गेले. बाईंनी रडून घर डोक्यावर घेतले. त्या सांजेस दिवाणखान्यात कोलूपुढील समईखेरीज उजेड नव्हता, आणि सुंडलाची वाटी सीतारामरावांनी हात न लाविता परत धाडली. वाणी खरे बोलली होती, म्हणोनच वार खोल गेला. ते तिलाही उमगले, परंतु चौकी तिने उठविली नाही.

दशमीस आरती जाहली, आयुधे मोकळी जाहली, आणि हरिप्रसाद केळीचे खांब बांधलेल्या स्कूटरवर स्वार होऊन सीमोल्लंघनास निघाले. दुकानदार म्हणे, ही काळी टोपी आता कोठे मिळते सार, सगळा बोर्डच बदला, नवे बटण लोण्यासारखे दाबते. परंतु हरिप्रसाद बधले नाहीत, आणि अखेर एका जुन्या खोक्यातून पांढरी टोपी हस्तगत करून परतले. काळ्या किल्लेदारास पांढरी पगडी, ऐसा तह ठरला.

मग मसलत बसली. वाणीचे म्हणणे, मेन पाडावा, फ्यूज काढावा, मगच हात घालावा. हरिप्रसादांचे म्हणणे, खटका बंद आहे तेवढे पुष्कळ, उगा टीव्हीवरील दसऱ्याचा कार्यक्रम का बुडवावा. आणि आई जाहल्यापासून हिला भिंतीचेही भय वाटते. वाणी उठली. ओसरीकडे गेली. तो पंखा थांबला, टीव्ही मिटला, फ्रीजची घरघर निमाली.

"करंट गेला," हरिप्रसाद खुशीत येऊन बोलले, "बरेच जाहले. आता तर भय नाही ना?"

नित्य करंट जाणाऱ्या गावी हा विचार कोणाही शहाण्यास सुचता. मग ते गुणगुणत कामास लागले, आणि जुन्या टोपीचे कडे आट्यांत अडकून बसले होते ते पकडीने निघेना म्हणोन बोटे आत घालून उपटू लागले. इतक्यात कालपासून अबोला धरून बसलेले सीतारामराव कान टवकारून म्हणाले,

"प्रसाद, शेजारी टीव्ही बोलतो आहे."

हरिप्रसादांचे गुणगुणणे थांबले. गल्लीत करंट होता. बोटे पितळावर होती. त्यांनी हात असा ओढून घेतला की पक्कड कोलूच्या पायरीवर जाऊन आदळली आणि दोन बाहुल्या आडव्या जाहल्या. मग ते फरशीवर बसले आणि हाताची बोटे उलटसुलट करून पाहू लागले.

वाणीने कमरेस खोचलेला पदर सोडिला. आत चिनी मातीचा पांढरा फ्यूज होता.

"करंट गेला नाही. मी काढला," ती म्हणाली. "उठा, टोपी बसवा."

टोपी बसली, आटे घट्ट जाहले, वाणीने फ्यूज लावून मेन चढविला आणि टोपीसभोवार टेस्टर फिरविला. तो कोठेही पेटला नाही. आता नवी वस्तू घरात आली म्हणजे तिला टिळा हवाच. सीतारामराव बोट गंधात बुडवून सवयीने स्विचाकडे चालले. वाणी पुढे होणार, तो ते आपणच थबकले, ओले बोट हवेत तसेच ठेविले, आणि तिजकडे न पाहता विचारते जाहले,

"वाणी, फ्यूज कोठे आहे गे?"

"आत्ताच लावला, मामंजी."

"काढ तर. मी उभा आहे."

ती गेली, मेन पाडून फ्यूज काढून घेऊन आली, तळहात उघडून दाखविला, तेव्हा टिळा लागला. गंध खडखडीत वाळेतो फ्यूज तिच्या कमरेस राहिला आणि टीव्हीवरील कार्यक्रम संपूर्ण बुडाला. हरिप्रसादांनी त्याबद्दल तक्रार गुजारली नाही.

दिवेलागणीस फर्मान सुटले, स्वारी निघाली. आजोबांनी वाटेत थांबून सुनेकडे पाहिले, तिने मान हलविली, मग बोट पुढे जाहले, खटका पडला, दिवा लागला, आणि उभयतांनी हात जोडिले. वाणीनेही जोडिले, दिव्यास की कोणास, ते बखरकारास कळले नाही.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. टोपी दिवाणखान्यात, फ्यूज आपले ठिकाणी. अखिलाबाईंची दहाही बोटे जागच्या जागी, हरिप्रसादांचीही. दाखला दुरुस्त असे.