ओइवाचा तिसरा ठोका

"अख्खा ओइवा मी या कीबोर्डात भरतो, एका दुपारात," असं वेइयोने जेवताना जाहीर केलं, तेव्हा त्याची बायको मार्केता उकडलेले बटाटे सोलत होती. तिने मान वर केली नाही. ओइवा तिचा थोरला भाऊ. फिनलंडमधल्या त्यांच्या गावात, तळ्याकाठच्या नाचमंडपात, हे तिघं एकतीस वर्षं दर उन्हाळ्यात वाजवत आले होते. मार्केता गायची, वेइयो कीबोर्डवर, ओइवा ड्रमवर. यंदा मे महिन्यात ओइवाच्या खुब्याचं ऑपरेशन होतं आणि जूनमध्ये नाच सुरू व्हायचे होते.

ओइवाला कल्पना पसंत पडली. आपण नसताना निदान आपलं वाजवणं तरी हजर राहील, म्हणून दुखरा खुबा सांभाळत तो वेइयोच्या गॅरेजमध्ये आला आणि टँगो, वॉल्ट्झ, पोल्का असे सगळे ताल त्याने वाजवून दिले. टँगो चालू असताना मार्केता किटली घेऊन दारात आली, तेव्हा हात न थांबवता तो नुसता म्हणाला, "चला, कॉफी घेऊ."

मग वेइयो कापाकापीला बसला. या नव्या कीबोर्डाचं कामच तसं होतं: वाजवलेला ताल आत घ्यायचा, प्रत्येक ठोक्याचा वेगळा काप करायचा, एकेक काप एकेका पट्टीवर बसवायचा आणि मग हवा तसा जुळवायचा. पडद्यावर ठोके डोंगरासारखे उभे राहिले. शेजारी मापाच्या उभ्या रेघा. आणि वेइयोच्या लक्षात आलं, की ओइवाचा तिसरा ठोका रेघेवर नाही, रेघ ओलांडून किंचित उशिरा पडलाय. सगळ्या तालांत तेच.

एकतीस वर्षं मी या माणसाला सांभाळून घेतोय तर, असं वेइयोला वाटलं. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. त्याने चष्मा पुसला आणि एकेक ठोका ओढून रेघेवर नेऊन बसवला. हे काम त्याने कानाने कमी आणि डोळ्याने जास्त केलं. टँगो तेवढा नीट ऐकायचा राहिला, कारण मार्केताने जेवायला हाक मारली. 'जुन्याच्या जागी नवं ठेवू का?' असं यंत्राने विचारलं. वेइयोने हो म्हटलं.

पहिल्या शनिवारी मंडप भरला. ओइवा कुबड्या घेऊन पहिल्या रांगेत बसला होता. पोल्का पार पडला. लोक एकमेकांच्या पायांवर पाय देत होते, पण पोल्क्यात तसं होतंच. मग टँगो. चार मात्रा, आठ मात्रा, आणि दोन्ही भोंग्यांतून ओइवाचा दणदणीत आवाज आला: "चला, कॉफी घेऊ."

आज्ञाधारक माणसं. नाच तसाच सोडून निम्मा मंडप कॉफीच्या टपरीकडे निघाला. टपरीवाल्या हिल्काने अजून पाणीही तापवलं नव्हतं. उरलेले नाचायला लागतात तोच पुन्हा, "चला, कॉफी घेऊ." तेही गेले. मार्केता रिकाम्या फरशीसमोर विरहाचं गाणं म्हणत राहिली. वेइयो तो काप बंद करायला गेला आणि घाईत दुसरीच पट्टी दाबून बसला. त्यामुळे "कॉफी, कॉफी, कॉफी" सुरू झालं आणि हिल्का टपरीतून ओरडली, की हात दोनच आहेत मला.

ओइवा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. तिथेच सगळं थांबलं असतं तर बरं होतं. पण मध्यंतरात तो कुबड्या टेकत मंचावर आला आणि म्हणाला, "वाजतंय छान, पण हे माझं नाही वाटत."

वेइयोचे कान अजून लाल होते. सगळं गाव हसलं होतं. तो म्हणाला, "तुझंच आहे. उशिरा पडत होतं तेवढं सरळ केलंय."

"उशिरा?"

"तिसरा ठोका."

"कधीपासून?"

वेइयोने खांदे उडवले. "नेहमीचंच."

ओइवाने बहिणीकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

मार्केता कपातली कॉफी ढवळत राहिली. ती कॉफीत साखर घालत नाही. ओइवा कुबड्या टेकत मंचावरून उतरला आणि टॅक्सी करून घरी गेला.

पुढच्या शनिवारी गर्दी निम्मी झाली. एका म्हातारीने वेइयोला सांगितलं, की ताल बरोबर आहे, पण पाय ठेवायला त्यात जागा नाही. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, की ती जागा ओइवाच्या उशिरातच होती. त्याने ठोके पुन्हा रेघेपलीकडे, उशिरा सरकवून पाहिले. एकदा कमी झाले, एकदा जास्त. ऐकताना कुणीतरी लंगडतंय असं वाटायचं. मूळ वाजवणं पुसलं गेलं होतं, त्यानेच हो म्हटलं होतं. ओइवा फोन उचलत नव्हता. वेइयो दोनदा त्याच्या दारापर्यंत जाऊन, आत दिवा दिसत असूनही, परत आला. तिसऱ्यांदा मार्केताने त्याला एकट्याला सोडलं नाही. ओइवाच्या स्वयंपाकघरात बसून वेइयोने माफी मागितली, ती धड मागता आली नाही, मध्येच कीबोर्डाच्या वॉरंटीबद्दलही बोलला, आणि तो उशीरच हवा होता हे सांगायचं मात्र राहून गेलं. ओइवा शांतपणे म्हणाला, "सप्टेंबरमध्ये येतो."

आला. कुबड्या नव्हत्या. ड्रम स्वतः लावले. वेइयोने कीबोर्डातले सगळे ताल बंद केले आणि टँगो धरला.

चार मात्रांतच मार्केताने वळून पाहिलं. तिसरा ठोका रेघेवर होता. अगदी रेघेवर. पुढचाही, त्याच्या पुढचाही. फरशीवर जोडपी खाली पायांकडे बघत नाचत होती.

गाणं संपल्यावर ओइवा घाम पुसत पुढे वाकला. अख्खा उन्हाळा मेट्रोनोमच्या टिकटिकीवर ठोके बसवत होतो, म्हणाला, रोज दोन तास. डॉक्टर खुब्यासाठी चालायला सांगत होता, पण म्हटलं आधी हे. एकाहत्तराव्या वर्षी सवय मोडणं सोपं नाही. त्याचा चेहरा नुसता फुलला होता.

"एक तरी चुकला का?" त्याने विचारलं.

"नाही," वेइयो म्हणाला. "एकही नाही."